भावांचा गोतावळा

मावळात इन्स्टाग्रामवर नव्याने उतरलेल्याला माणसं जोडायची असतील, तर पावसाळ्यातला शनिवार गाठावा, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजत रील करावं आणि खाली ‘लोणावळा व्हाइब्स’ लिहावं. संध्याकाळपर्यंत शे-दोनशे अनोळखी लोक ‘भावा’ म्हणू लागतात. आपणही त्यांच्या रीलखाली आगीचे इमोजी टाकावेत. याला हल्ली कम्युनिटी म्हणतात.

कसोटी धुक्यात लागते. विसापूर किल्ल्याच्या रानात वाट चुकली की हे भाऊ हात जोडलेली चित्रं पाठवतात. एखादा ‘लोकेशन टाक ना’ म्हणतो, पण ते पुढच्या रविवारी स्वतःला जायचं असतं म्हणून. शोधायला येतात ती लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाची माणसं, दोर-स्ट्रेचर घेऊन, आपापले कामधंदे सोडून. ३० जून २०२४ला भुशीजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. व्हिडिओ देशभर फिरला; पाण्यात शोध घेणाऱ्यांत मात्र हीच माणसं होती. त्यांना आपण फॉलो केलेलं नसतं.

सुखरूप खाली उतरलेला नवखा पहिल्यांदा त्यांच्यासोबत सेल्फी काढतो. टॅग मात्र भलत्याच कुणाला तरी करतो.