मावळतीचं टेबल

चूक माझीच होती, हे मी आता कबूल करतो. त्या संध्याकाळी मात्र आधी हॉटेलवाल्याला, मग ट्रॅव्हलवाल्याला आणि शेवटी पृथ्वीच्या परिवलनालाही दोष देऊन पाहिला होता.

थायलंडमधल्या कोह सामुई बेटाची तिकिटं मुलीनं काढली होती, पण जेवणाचं टेबल मी निवडलं होतं. चावेंगच्या पुळणीवर, पहिल्या रांगेतलं, पाण्यापासून पंधरा पावलांवर. त्या रांगेचे पैसे वेगळे. मुलगी म्हणाली, "बाबा, मी बघू का एकदा?" मी म्हटलं, "दिशा हा माझा विषय आहे. ३१ वर्षं भूगोल शिकवलाय रत्नागिरीत."

सूर्यास्त साडेसहाचा. आम्ही सहाला हजर. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला, मोबाइल मिठाच्या बाटलीला टेकवून समुद्राकडे रोखलेला. नातेवाइकांच्या ग्रुपवर 'थोड्याच वेळात' असं टाकूनही झालेलं. समुद्र गुलाबी झाला, मग जांभळा झाला. सूर्याचा पत्ता नाही. शेवटी वाढणाऱ्या मुलीला विचारलं. तिनं बोट केलं ते थेट माझ्या डोक्यामागे. हॉटेलच्या छपराच्या, माडांच्या आणि बेटाच्या मधोमध बसलेल्या डोंगराच्याही पलीकडे.

"सनसेट, नाथॉन," ती म्हणाली. "अदर साइड, खा."

चावेंग पूर्व किनाऱ्यावर आहे.

आता यात माझा दोष किती आणि कोकणाचा किती, हे एकदा ठरायलाच हवं. आमच्याकडे समुद्र ही जागा नाहीच, दिशा आहे. डहाणूपासून रेडीपर्यंत कुठेही उभे राहा, पाण्याकडे तोंड केलंत की मावळतीकडे तोंड झालं. सूर्य सह्याद्रीतून वर येतो, दिवसभर कौलं तापवतो आणि संध्याकाळी मांडवीच्या जेटीसमोर पाण्यात बुडतो. यात काही पर्याय असू शकतो असं आमच्या मनातही येत नाही. देव सहसा पूर्वेकडे बघतात, पण आमच्या गणपतीपुळ्याचा गणपतीसुद्धा पश्चिमेकडे, समुद्राकडे तोंड करून बसलाय. त्याला जे कळलं ते काही उगाच नाही. चेन्नईच्या मरीनावर लोक संध्याकाळी सूर्याकडे पाठ करून सुंडल खातात, हे मी दरवर्षी नकाशावर पट्टी आपटून शिकवलं. पोरांनी ते लिहिलं, मी त्यांना मार्क दिले; पण खरं कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही. तिकडे नोकरीला गेलेल्या एका विद्यार्थ्यानं मला लिहिलं होतं, 'सर, इथे समुद्र उलटा लावलाय.' मी त्याला भूगोलाचं एक लांबलचक पत्र पाठवलं. आता त्याला दुसरं पाठवायला हवं.

अंधार पडला. पहिल्या रांगेतून दिसणारा समुद्र आणि शेवटच्या रांगेतून दिसणारा समुद्र आता सारखाच काळा होता. फक्त क्षितिजावर हिरव्या दिव्यांची एक ओळ लागली होती, लग्नाच्या मांडवाला लावतात तशी. ती म्हणे माकूल पकडणाऱ्या होड्यांची. उजेडाला भुलून माकूल वर येतं. माझ्या ताटातलं असंच भुललेलं असणार: निखाऱ्यावर भाजलेलं, कडेला हिरव्या मिरचीची, लसूण-लिंबाची पातळ चटणी. सोबत तोम याम. चार घासांत माझा सूर्यास्त पचला.

समोर बघतो तर हिचं ताट कोरं. पुढ्यात एक शहाळं.

"अगं, थंड होतंय."

"तुम्ही घ्या. आज संकष्टी आहे."

तेवढ्यात ती वाढणारी मुलगी आली. थाई बायका अदबीनं बोलताना वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणतात, जसं आपण 'हं' किंवा 'बरं का' म्हणू. नमस्कार म्हणजे 'सवातदी खा'. आभार म्हणजे 'खोप खुन खा'. तिच्या प्रत्येक वाक्याला ही हसून मान हलवत होती. सकाळपासून उपाशी बाईला एक परकी पोर दर मिनिटाला 'खा, खा' म्हणत होती. शेवटी हिनं आकाशाकडे बोट केलं, मग हातानं नाकापुढे सोंड काढली. "मून. गणपती. देन ईट."

मुलीचा चेहरा उजळला. "ओ! फ्रा फिकनेत!" आणि तिनं हात जोडले. तिच्या घरीही आहे म्हणे एक.

मी विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस? टेबल उद्याचं घेतलं असतं."

"चौतीस वर्षांत कधी विचारलंत?"

भांडणाचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तरं येतात. दर संकष्टीला मी साडेआठला जेवून बातम्या लावतो. ही गच्चीवर जाऊन येते, ढग असले तर दोनदा, मग ओट्याशी उभ्यानं जेवते. मागच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आड येते, त्यामुळे कॅलेंडरातल्या वेळेनंतर आणखी वीसेक मिनिटं थांबावं लागतं, हे मला चावेंगच्या पुळणीवर कळलं. आमच्या घराच्या पूर्वेला टाकी आहे, हेही.

मी माकुलाची बशी बाजूला सारली आणि पेपर नॅपकिन ओढला. निदान एवढं तरी मला येतं. "घरी चंद्रोदय किती वाजता?"

"नऊ चाळीस."

रत्नागिरी ७३ अंशांवर, सामुई १००. फरक २७, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे चंद्र इथे १०८ मिनिटं आधी. थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, ते ९० वजा. उरली १८. "बरोबर ९:२२," मी जाहीर केलं. "आणि मध्ये टाकी नाही. सरळ समुद्रातून येणार. संकष्टीसाठी सबंध बेटावर याहून चांगलं टेबल नाही." आवाजात इतका आत्मविश्वास होता की टेबल मी याचसाठी घेतलं होतं असं मलाही वाटू लागलं.

मग मी घड्याळ धरून बसलो. "अजून चार मिनिटं," मी म्हटलं.

"अहो, वर बघा."

हिरव्या दिव्यांच्या जरा वर तांब्याच्या परातीसारखा चंद्र आलेला होता, एका कडेनं चेपलेला. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो. त्या हिशेबातली चार मिनिटं मी धरलीच नव्हती. मी मोबाइलकडे हात नेला.

"आधी हात जोडा," ही म्हणाली.

जोडले. बाजूला बघितलं तर त्या मुलीनंही ट्रे काखेत धरून जोडले होते. मग ती आत गेली आणि एका बशीत केळीच्या पानावर चार पांढरे गोळे घेऊन आली. खनोम तोम. तांदळाच्या पिठात नारळ आणि ताडगूळ भरून उकडलेले, वरून खोबऱ्यात घोळवलेले. फ्रा फिकनेतला हेच दाखवतात, असं तिनं खुणांनी सांगितलं.

हिनं एक उचलून दिव्याखाली फिरवून पाहिला. "मोदकच आहे. कळ्या पाडायला विसरलेत."

मुलगी हसली, कशाला ते न कळताच, आणि बशी आणखी पुढे सरकवत म्हणाली, "ओके, खा?"

"हो गं बाई," ही म्हणाली, "आता खाते."