चाळिसाचे ऐंशी
ठाणे ते कल्याण पट्ट्यातील भावी डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका

परदेशातून डॉक्टरकी शिकून डोंबिवलीला परतलेल्या मुलाला डॉक्टर म्हणावे की नाही, याबद्दल दोन मते आहेत. एक त्याच्या आईचे, दुसरे नॅशनल मेडिकल कमिशनचे. आई विमानतळापासूनच ‘आमचे डॉक्टर आले’ म्हणू लागते. कमिशन म्हणते, आधी एफएमजीई पास व्हा. २००२ च्या नियमांनी आलेली ही चाळणी परीक्षा वर्षातून दोनदा होते. एका दिवसात दीड-दीडशेचे दोन भाग, एकूण ३०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पास व्हायला १५०. ऐकायला शाळेतल्या सहामाहीइतकी सोपी वाटते. निकालाच्या दिवशी मात्र बहुतेक वेळा पाचातला एक, फार तर चारातला एक पास झालेला असतो.

पण परीक्षा येते सहा महिन्यांनी. क्यूबँकेतली, म्हणजे सरावाच्या प्रश्नांच्या ॲपमधली, टक्केवारी रोज रात्री येते, आणि बाबा जेवताना जे विचारतात ते ‘आज किती?’ एवढेच. प्रस्तुत मार्गदर्शिका त्या आकड्यापुरती आहे. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळी करून नीट-पीजीला बसणाऱ्या इंटर्ननीही ती वापरायला हरकत नाही. ज्ञान वाढवण्याचे उपाय इथे दिलेले नाहीत. तो वेगळा विषय आहे आणि त्याला वेळ फार लागतो.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सोडवलेलेच प्रश्न पुन्हा सोडवणे. पहिल्या फेरीत ४२ टक्के पडले, तर टॉपिक रिसेट करावा, चहा घ्यावा आणि लगेच पुन्हा बसावे. रोग आठवण्याची गरज नाही. ‘जांभळ्या स्लाइडला क’ एवढे लक्षात राहिले तरी पुरते. काही ॲप पर्यायांची जागा बदलतात, तेव्हा सर्वांत लांबलचक पर्याय कोणता होता ते आठवावे. या उपायाला शास्त्राचा आधारही आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. संशोधकांनी यावरून काही निष्कर्ष काढले आहेत. आपण आपला काढावा: परीक्षा नेहमी पाच मिनिटांच्या आत उरकावी.

विषयाची निवडही तितकीच महत्त्वाची. एफएमजीईत मेडिसिनचे ३३, सर्जरीचे ३२, स्त्रीरोग-प्रसूतीचे ३० आणि पीएसएमचे (सामाजिक वैद्यकाचे) ३० प्रश्न असतात, म्हणजे चारच विषयांत १२५. हे विषय अवाढव्य आहेत आणि त्यांत टक्केवारी हमखास कोसळते, तेव्हा त्यांच्यापासून लांब राहावे. ईएनटीला १५ प्रश्न असतात. कान दोन, नाक एक, घसा एक. तीन दिवसांत सगळे होते. एकदा झालेले ईएनटी मग आठवडाभर रोज सोडवावे. आलेख वर चढताना दिसला पाहिजे, तो कशावर चढला हे कोणी विचारत नाही.

आता तुक्क्याचे गणित. हा एकच भाग मी गंभीरपणे लिहितो आहे, कारण तो मुलांना कोणी सांगत नाही. एफएमजीईत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधून ३०० गोळे भरले तरी सरासरी ७५ पडतात. म्हणजे क्यूबँकेत ज्याला २८ टक्के आहेत, तो पट्टीवाल्याच्या तीनच टक्के पुढे आहे. याचीच दुसरी बाजू अशी, की १०० प्रश्न खरोखर पक्के येत असतील आणि उरलेले २०० निव्वळ दैवावर सोडले, तर ५० तिथून मिळून बेरीज बरोबर १५० होते. इथपर्यंत येऊन बरीच मुले पुस्तक मिटतात आणि फडके रोडच्या गणपतीला जाऊन येतात. पण ५० ही सरासरी आहे. कधी ५६ पडतील, कधी ४४, आणि ४४ ज्या वर्षी पडतील त्या वर्षी १०० पक्के असून माणूस नापास. नीट-पीजीत बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ असतो, म्हणून तिथे लोक अवघड प्रश्न कोरा सोडतात. हिशेब केला तर २० आंधळे तुक्के म्हणजे ५ बरोबर, १५ चूक: २० मिळाले, १५ गेले, निव्वळ ५ हाती राहिले. चारातला एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला तरी फायदा आणखी वाढतो. कोरा प्रश्न हा तत्त्वनिष्ठ माणसाचा छंद आहे.

पुढचा उपाय म्हणजे ‘सिली मिस्टेक’ नावाचा कप्पा. चुकलेल्या उत्तरांतली निदान एक तृतीयांश या कप्प्यात टाकता आली पाहिजेत. ‘वगळता’ हा शब्द दिसला नाही, दोन पर्यायांत गोंधळ झाला, आधी बरोबर लावले होते आणि मग बदलले, हे सगळे सिली. त्यातही ‘बदलले म्हणून चुकले’ हे घराघरांत फार चालते. उत्तरे बदलण्यावर कित्येक दशके अभ्यास झालेले आहेत आणि बदललेली उत्तरे चुकीवरून बरोबरवर जाण्याचेच प्रमाण त्यांत जास्त आढळते. मात्र बदलून बरोबर आलेले उत्तर कोणाच्या लक्षात राहत नाही आणि बदलून चुकलेले लग्नापर्यंत सांगता येते. तेव्हा बदलू नये.

अभ्यासाची जागा. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाला १८६४ पासूनची आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला १८९३ पासूनची परंपरा आहे, पण आपल्याला परंपरेपेक्षा चार्जिंग पॉइंट महत्त्वाचा. अभ्यासिका निवडताना एमपीएससीवाल्यांच्या शेजारची खुर्ची घ्यावी. ते आपल्या स्क्रीनकडे बघत नाहीत. बघितले तरी त्यांना समजत नाही आणि आपण उत्तर आधी उघडून मग गोळा भरला हे कळत नाही. सकाळच्या लोकलमध्येही सोडवता येते. डोंबिवलीला चढलेल्या माणसाला दादरपर्यंत एकच अंगठा हलवता येतो, त्यामुळे अंगठ्याखाली जो पर्याय येईल तो लागतो आणि नंतर ‘गाडीत सोडवलंय’ म्हणून पाच-सात टक्के मनातल्या मनात वाढवून घेता येतात. पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क गेले, ही जुनी सबब मात्र आता देऊ नये. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हापासून फास्ट लोकल बोगद्यातून जातच नाहीत, आणि डोंबिवलीत हे सर्वांना पाठ आहे.

आकडा घराबाहेर कसा न्यावा, याचेही तंत्र आहे. ग्रँड टेस्टमध्ये, म्हणजे पूर्ण लांबीच्या सराव परीक्षेत, सगळ्यांचीच वाट लागलेली असते. त्यामुळे टक्के ३८ असले तरी पर्सेंटाइल ६० असू शकते. दोहोंपैकी जे मोठे ते सांगावे आणि ‘टाइल’ हलक्या आवाजात उच्चारावे. रँक सांगायची झाली तर ‘अठरा हजार’ न म्हणता ‘पहिल्या वीस हजारांत’ म्हणावे. ठाण्याच्या मावशीला टक्के सांगितले असतील तर कल्याणच्या आत्याला पर्सेंटाइल सांगू नये, कारण त्या दोघी रोज फोनवर बोलतात.

आत्या कल्याणची असेल तर आणखी एक प्रसंग ओढवतो. ती म्हणते, ‘आनंदीबाईंना कुठे होती रे क्यूबँक?’ उत्तर तयार ठेवावे. आनंदीबाई जोशी १८६५ मध्ये जन्मल्या, कल्याणात वाढल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एमडी झाल्या, म्हणजे आजच्या भाषेत त्या कल्याणच्या पहिल्या फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट. पदवी हातात पडताच कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्री-विभागाची जागा त्यांना देऊ केली गेली. मध्ये चाळणी नव्हती. हे आत्याला ठणकावून सांगावे. मात्र त्यांनी प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता आणि प्रबंधाला अ, ब, क, ड नसतात, हे तिच्या लक्षात यायच्या आत विषय बदलावा.

आता एक धोक्याची सूचना, नमुन्यासह. प्रश्न असा येतो: जुलै महिना, तिशीचा तरुण, आठवड्यापूर्वी गुडघाभर पाण्यातून चालत घरी आला होता. पाच दिवस ताप, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, डोळे लाल पण चिपडे नाहीत, आता अंगावर पिवळेपणा आणि लघवी कमी. पर्याय: डेंगी, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, हिपॅटायटिस ए. कल्याण-डोंबिवलीतला मुलगा हे पाणी दर पावसाळ्यात स्वतः तुडवतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे किती रुग्ण निघाले, हे त्याने घरी ऐकलेले असते. तरी तो डेंगी लावतो, कारण मागच्या प्रश्नाचे उत्तर डेंगी होते. आता योग्य कृती अशी: कपाळावर हात मारावा, ‘अरे, हे येत होतं!’ म्हणावे, सिली मिस्टेकमध्ये नोंद करावी आणि पुढच्या प्रश्नावर जावे.

काही मुले इथे थांबून खालचे एक्स्प्लनेशन वाचतात. हिपॅटायटिस का नाही? त्यात कावीळ दिसू लागली की ताप सहसा उतरतो, इथे टिकला आहे. शिवाय लेप्टोत स्नायूंचे सीपीके हे एन्झाइम वाढलेले असते. मग लाल डोळे, पोटऱ्या, कावीळ आणि मूत्रपिंड हे चार धागे एकाच रोगात कसे येतात ते ती वहीत लिहितात. त्यानंतर त्यांना दिसते की इथला प्रत्येक चुकीचा पर्याय दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे, म्हणून ती डेंगीचे प्लेटलेट वाचतात, मलेरियाच्या गोळ्या वाचतात. यात पंधरा मिनिटे जातात आणि टक्केवारी जागची हलत नाही. रात्री बाबांना सांगायला काहीही नसते.

दुष्परिणाम: वरील उपाय नियमित केल्यास तीन आठवड्यांत आकडा ऐंशीच्या घरात जातो. कधी न पाहिलेले प्रश्न अंगावर आल्यास तो अचानक चव्वेचाळीसवर येऊ शकतो. असा आकडा खरा असतो, तो घरी दाखवू नये. क्वचित एखाद्याला एक्स्प्लनेशन वाचण्याची सवय जडते. त्याची लक्षणे म्हणजे ईएनटीचा कंटाळा येणे, मेडिसिनचे नवे टॉपिक उघडणे, टक्के आठवडेच्या आठवडे पन्नाशीत अडकणे, रँकविषयी बोलणे कमी होणे. तिसऱ्या मजल्यावरचे काका नुसता शुगरचा रिपोर्ट दाखवायला आले, तरी असा मुलगा ताप किती दिवस आहे आणि पोटऱ्या दुखतात का, हे विचारत बसतो. अशा वेळी वही काढून घ्यावी, फोन हातात द्यावा आणि झालेले ईएनटी दर चार तासांनी सोडवायला लावावे. दोन दिवसांत आराम न पडल्यास पुढची ग्रँड टेस्ट देऊ देऊ नये.