पिसलेल्या कॅटला काय आठवतं?

डहाणूची चर्चगेट लोकल सकाळी बोईसरला येते तेव्हा खिडक्या गेलेल्या असतात. डहाणू-वाणगावकरांनी उचललेली खिडकी विरारपर्यंत तरी परत मिळत नाही. त्यामुळे उचललेलं पान कॅटमध्ये परत न टाकता शक्यता कशी काढायची, हे इथल्या पासधारकाला शिकवावं लागत नाही. उमरोळीच्या आत गुडघ्यांवर बॅग आडवी पडते आणि मेंढीकोटाची तेरा-तेरा पानं वाटली जातात.

चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, माझ्याच हातात येतील का? पहिलीची शक्यता 52त 13. ती आली की माझी एक जागा भरली, म्हणून दुसरीची 51त 12, मग 50त 11, शेवटी 49त 10. गुणाकार केला की साधारण 379 डावांत एकदा. चौघांपैकी कुणाच्याही हाती म्हटलं, तर 95 डावांत एकदा. तरी घडलं की वाटणाऱ्यावर संशय ठरलेला : "काका, पिसलेत की नुसतं कुरवाळलंत?"

डाव चालू असेपर्यंत कॅटला सगळं आठवतं. नीट पिसला की सगळं विसरतो. आमचे काका नेमके उलटे. पालघरला पडलेला बदामाचा एक्का केळवे रोडपर्यंत विसरतात आणि त्याच्या धाकाने राजा दाबून बसतात. पण गेल्या आठवड्यात सलग तीन डाव मेंढी आली नाही, हे मात्र पाठ. "आता येणारच!" एकही मेंढी न येण्याची शक्यता दर डावाला तीस टक्के, मग गुरुवार असो की संकष्टी. शेजारी तारापूरला 1969पासून अणू फोडून वीज काढतात. किरणोत्सारी अणूलाही आपण किती वर्षं टिकलो ते ठाऊक नसतं; पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता तेवढीच. हे काकांना सांगितलं. "अणूला मेंढी लागत नाही," म्हणाले.

सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, हे त्याचं एक कारण. न्यायमूर्ती आमच्या डब्यात चढले असते तर निकाल राखून ठेवला असता. कारण वैतरणेच्या पुलापर्यंत हिशेब मांडला की काकाच पुढे असतात.

पडलेली पानं त्यांचा भिडू मोजतो. तो मी.