नारळ द्यावा तर असा

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. फुटबॉलसाठी (अमेरिकन फुटबॉल, ज्यात पायांचं काम बेताचंच) त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये जिम्बो फिशर यांना दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरवर प्रशिक्षक नेमलं. स्वागतालाच राष्ट्रीय विजेतेपदाचं स्मृतिचिन्ह हाती दिलं. त्यावर साल तेवढं अर्धवट, ‘२०’ पुढे मोकळी जागा. घाई कशाला?

२०२१ मध्ये करार २०३१ पर्यंत वाढवला. मग आला २०२२ चा हंगाम. देशात सहावं मानांकन असताना ॲपलाचियन स्टेट विद्यापीठाच्या संघाला पंधरा लाख डॉलर मोजून घरच्या मैदानावर बोलावलं आणि १७-१४ असा विजयही त्यांच्या पदरात घातला. पाहुणचार म्हणतात तो हा! हंगामात बारापैकी पाच सामने जिंकले. बाकीच्यांत असाच मोठेपणा दाखवला.

एवढं होऊनही नोकरी शाबूत राहिली. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला मात्र त्यांनी मिसिसिपी स्टेटला ५१-१० असं लोळवलं. दुसऱ्याच दिवशी नारळ. शिस्त म्हणजे शिस्त.

न शिकवण्याबद्दल त्यांना २०३१ पर्यंत हप्त्याहप्त्याने साडेसात कोटी डॉलरहून अधिक मिळायचे ठरले. दुसरीकडे नोकरी धरली तरी एक पैसा कापायचा नाही. हा प्रयोग सर्व विभागांत राबवावा. फिशर यांच्या मुदतवाढीचा ठराव मात्र आत्ताच मांडलेला बरा. न शिकवणाऱ्यांचे भाव २०३१ पर्यंत कुठे जातील, सांगता येत नाही.