शंभरपैकी किती?

जुन्या रेड वाइनचं परीक्षण वाचून हट्टा गावच्या माणसाला वाटावं, हे गोठ्याचं वर्णन आहे. ओली माती, जुनं चामडं, तंबाखू, कुजका पाला. आणि हे सगळं कौतुकात! मुरल्यावर तिचा तुरटपणा उतरतो, रंग विटकरीकडं झुकतो, एवढं खरं. अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर या वाइन-परीक्षकानं तर वाइनला १०० पैकी गुण द्यायची पद्धत रुजवली. त्यातले पहिले ५० फुकट! एवढं औदार्य आमच्या दहावीच्या बोर्डालाही जमलं नाही.

इकडं वसमतच्या मोंढ्यात व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, भाव बोलतो. विशेषण एकही नाही. (शेतकऱ्याला तो भाव कमीच वाटतो, ते वेगळं.)

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्सच्या बोर्दो इथं वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढं पांढरी वाइन लाल रंग घालून ठेवली. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्याच शब्दांत केलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे आपल्याकडं पुष्कळ. हे चिमूटभर रंगानं लाल झाले. तेव्हा बाटली घ्यायचीच असेल, तर आधी डोळे मिटून घोट घ्या. परीक्षण नंतर वाचा.