बर्फावरचा कोंबडबाजार

सिंदेवाहीत बर्फ दोनच ठिकाणी सापडतो: गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासोळीच्या पेटीत. तरी आमच्या भाच्याला बर्फाचा नाद लागला. ऐन एप्रिलात तो पहाटे साडेचारला उठायला लागला. त्याच वेळी बहीण टोपली घेऊन मोहफुलं वेचायला निघते, वाघाच्या भीतीने चार बायांच्या सोबतीने. पोरगं सुधारलं म्हणून तिने त्याची दृष्टही काढली. पोरगं मोबाईलवर अमेरिकेतली आइस हॉकी बघत होतं. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजतात.

"मामाजी, एकदम सोपं हाये," म्हणत त्याने माझी शिकवणी सुरू केली. 20-20 मिनिटांचे तीन डाव, दोन्हीकडे सहा-सहा गडी, आणि चेंडूऐवजी 170 ग्रॅम वजनाची रबरी चकती. ती चकती मला शेवटपर्यंत दिसली नाही. त्यालाही दिसत नव्हती. पण तिच्यावर त्याचे दोनशे रुपये होते.

तगड्या संघावर पैसे लावले, तर त्याच्या डोक्यावर दीड गोलाचं ओझं. एका गोलाने जिंकला तरी आपण हरलो. अर्धा गोल कोणी घालत नाही. बरोबरी होऊन पैसे परत द्यायची पाळी येऊ नये म्हणून तो ठेवलेला. शेवटच्या दोनेक मिनिटांत मागे पडलेला संघ गोलकीपरलाच बाहेर बोलावतो, हल्ल्याला एक गडी वाढावा म्हणून. म्हणजे कापणीला माणूस कमी पडला की जागलीवरचा उतरवायचा! मग रानडुक्कर यायचंच. रिकाम्या जाळीत गोल पडतो आणि दीड गोलाचा फैसला तिथेच होतो.

"आणि भाव?"

"दोन्हीकडे 1.90."

इथे मात्र मला शिकवणीची गरज उरली नाही. दोघांनी समोरासमोर शंभर-शंभर लावले, दोनशे जमले, जिंकणाऱ्याला 190. उरलेले दहा कोणाचे? आमच्या भागात याला नाल म्हणतात. कोंबडबाजारात पायाला काती बांधलेले कोंबडे रक्तबंबाळ होतात, लावणारे कंगाल होतात, नाल काढणारा मात्र झाडाखाली सावलीत असतो. पोलिसांची धाड पडली तर 1887 च्या जुगार कायद्याखाली कोंबड्यांसकट सगळे ठाण्यात. बर्फावरचा नालवाला कोणत्या झाडाखाली बसतो, ते भाच्याला सांगता आलं नाही.

"अरे, पण ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आली ना?"

"ते चालवणाऱ्याले, मामाजी. खेळणाऱ्याले शिक्षा नाई." कायदा त्याला माझ्यापेक्षा पाठ.

"पैसे कुठे पाठवतोस?"

"एका ताईच्या खात्यावर."

"कोण ताई?"

"दर वेळी वेगळी रायते."

त्या पहाटे तो जिंकला. दोनशेचे 380 झाले, स्क्रीनवर. काढायला गेला तर उत्तर आलं: आधी पाचशे भरा. कोंबडबाजारात निदान हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या हातात पडतो, रात्री रस्सा तरी होतो.

ऊन चढल्यावर बहीण परतली. टोपली अंगणात पालथी करून मोहफुलं पसरता पसरता म्हणाली, "एवढ्या लवकर उठतोस, त उद्या माह्यासंगं चाल."

"उद्या नाई जमत, आई," भाचा मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला. "मामाजी, पाचशे हायेत काजी?"