यंदा की पुढच्या जूनला?

कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा यंदा मेडिकलचा अर्ज भरणार नाही, ही बातमी आमच्या गल्लीत शनिवारी सकाळी पोहोचली. गल्ली म्हणायची आपली सवय. आहे तो न्यू जर्सीतल्या एडिसनचा एक आखूड रस्ता. बातमी आणली पलीकडच्या ताईंनी. थंडीभर घरात कोंडलेला कढीपत्ता त्या उन्हात काढत होत्या.

"त्याच्या आईचा चेहरा बघवत नाही गं. जसं काही पोरगं नापासच झालं."

"पण मार्क चांगले आहेत ना त्याचे?"

"मार्क आहेत, ग्रीन कार्ड नाही. एच-फोरवर, म्हणजे आईबापांच्या व्हिसाला जोडून आलेलं लेकरू. एकविसावं सरलं तसा तो व्हिसा संपला, आता स्टुडंट व्हिसावर आहे. इथल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांना नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवालाच लागतो. उरलेल्यांतली काही म्हणतात, सगळ्या वर्षांची फी आधी खात्यात भरून दाखवा. मग बसलाय बिचारा यादी काढत, कोण घेतं आणि कोण नाही."

"आमच्या पोरीचं तसं काही नाही," मी घाईघाईने म्हणाले. "ती इथलीच. जूनमध्ये अर्ज टाकून मोकळी होईल."

ताईंनी कुंडी खाली ठेवली. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं की समोरच्याची उलटतपासणी होते, हे कुंपणाच्या अलीकडे राहून मला चांगलं ठाऊक झालंय.

"एमकॅटची प्रवेशपरीक्षा कधी देतेय?"

"जुलैच्या शेवटी."

"म्हणजे निकाल ऑगस्ट संपता संपता. तोवर कॉलेजं तिची फाईल उघडणारसुद्धा नाहीत."

"शेवटची तारीख तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत असते की, ताई."

"असते ना. तिकीट तर गाडी सुटेपर्यंत देतात, पण वेटिंगचं!"

मग त्यांनी मला सगळं चक्र समजावलं. बहुतेक कॉलेजांचा मिळून एक अर्ज असतो, त्याला ॲमकॅस म्हणतात. तो मे महिन्यात उघडतो, मेअखेरीपासून पाठवता येतो आणि जूनच्या शेवटी कॉलेजांच्या हाती पडू लागतो. पण त्याआधी ॲमकॅसवाले एकेक विषय, एकेक ग्रेड गुणपत्रिकेशी ताडून बघतात. गर्दीत सापडलं तर त्यातच महिना-दीड महिना जातो. पुढे प्रत्येक कॉलेज आपापले निबंध मागवतं. ते यायच्या आत अर्धेअधिक लिहून ठेवायचे, कारण दोन आठवड्यांत परत गेलेले बरे. ऑगस्ट-सप्टेंबरपासून मुलाखती सुरू होतात आणि १५ ऑक्टोबरपासून होकार जायला लागतात. जो आधी येतो त्याची फाईल आधी वाचली जाते. उशिरा येणारा उरलेल्या जागांसाठी भांडतो. देशभरात दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त अर्जदार आणि जागा सुमारे २३ हजार.

"आमच्या थोरलीने पहिल्या खेपेला हेच केलं," ताई म्हणाल्या. "कच्ची तयारी, त्यात उशीर. प्रत्येक कॉलेजामागे ॲमकॅसचे चाळीस-पन्नास डॉलर, निबंधांचे वेगळे. हाती काय, तर एक मुलाखत आणि नकारांचा ढीग. पुढच्या वेळी कितीतरी कॉलेजांनी विचारलं, गेल्या खेपेपासून तुझ्यात काय बदललं? आता त्याला काय उत्तर द्यायचं, कॅलेंडर?"

"पण वर्ष वाया जाईल त्याचं काय?"

इथे ताईंमधलं लातूर जागं झालं. "माझा भाचा नीटसाठी ड्रॉप घेऊन बसला तेव्हा शेजारपाजारच्या बायका त्याला डबे पाठवत होत्या. रिपीटरच्या बॅचा तुडुंब भरतात तिथे, कुणाला लाज नाही वाटत. आणि इथे मंडळाच्या गणपतीत एक आई कबूल करत नाही की पोरगी वर्षभर थांबलीय. अगं, इथे मेडिकलला लागलेल्यांतली अर्ध्याहून जास्त मुलं पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं थांबूनच आलेली असतात."

मला मात्र दोन्हीकडचं थांबणं सारखं वाटत नाही. नीटचा रिपीटर तीच पुस्तकं पुन्हा घोकतो. ७२० पैकी किती पडले यावर सगळं ठरतं, डॉक्टर का व्हायचंय हे कुणी विचारत नाही. इथे तोच प्रश्न पहिला, आणि त्याला ५,३०० अक्षरांत उत्तर द्यायचं. शिवाय कामांच्या पंधरा नोंदी, त्यातल्या तीन सर्वांत मोलाच्या. खोलीत कोंडून घेऊन ही पानं भरत नाहीत.

"पंधराच्या पंधरा भरायलाच पाहिजेत असं नाही," ताई म्हणाल्या. "तिच्याकडे काय काय आहे?"

मी सांगितलं: प्रयोगशाळेतलं संशोधन, भरतनाट्यम, आणि मामाच्या कार्डिऑलॉजी क्लिनिकात उन्हाळाभर शॅडोइंग.

"मामा काय करतात ते कळलं. ती काय करत होती?"

मी गप्प. ती भिंतीशी उभी होती, दुसरं काय.

ताईंच्या थोरलीने थांबलेल्या वर्षात ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांचा कोर्स करून गावच्या फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये रात्रपाळ्या केल्या. दिवसा एका दवाखान्यात स्क्राइब, म्हणजे डॉक्टर तपासणार आणि ही नोंदी टाइप करणार. रविवारी हॉस्पिसमध्ये. तिथली एक गुजराती आजी तिच्याशी फक्त भावनगरच्या घराबद्दल बोलायची. मुलाखतीत सगळ्यांनी त्या आजीबद्दलच विचारलं म्हणे, संशोधनाबद्दल एकाने.

"तेसुद्धा अर्ज टाकायच्या आधी केलेलं असलं पाहिजे. 'पुढे करणार आहे' असं लिहिता येतं, पण त्याला वजन किती? म्हणून आत्तापासून सुरू करायचं. आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं काय झालं?"

"सी पडला. परत घेते म्हणतेय."

"कशाला? ॲमकॅस दोन्ही ग्रेड धरतं, जुनी पुसली जात नाही. त्यापेक्षा बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी घेऊन ए आणू दे. पुढच्या जूनला अर्ज केला तर चौथ्या वर्षाच्या ग्रेड हिशेबात येतील, यंदा नाही. पत्रं मागायलाही वेळ मिळेल. तीनशे पोरांच्या वर्गातला प्रोफेसर काय लिहिणार, नियमित हजर होती?"

"सराव परीक्षेत पाचशेच्या वर आहे ती," मी शेवटचं अस्त्र काढलं.

"पाचशे म्हणजे मधोमध. ५२८ पैकी प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-१२च्या घरात असते. ५०४वर साडेसात तासांच्या परीक्षेला कशाला बसायचं? वर्षात तीनदाच देता येते, जन्मात सातदा, आणि लागलेला प्रत्येक निकाल कॉलेजांना दिसतो."

एवढ्यात ह्यांनी दारातून विचारलं, वर्षभर उशीर म्हणजे डॉक्टरकीचा एक वर्षाचा पगार गेला की नाही? प्रश्न बिनतोड होता. ताईंची धाकटी तयारीची होती, ती थेट गेली आणि तेच योग्य झालं. तयार मुलीला उगीच थांबवण्यात अर्थ नाही. कर्जाचंही बघावं लागतं: १ जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना सरकारकडून वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण दोन लाख, त्यापुढे नाही. खासगी कॉलेजाचा खर्च त्यात कुठला भागायला!

"ब्राँक्सला फुकट आहे ना?" ह्यांनी विचारलं. तिथल्या आइन्स्टाइन कॉलेजला रूथ गॉट्समन या तिथल्याच निवृत्त प्राध्यापिकेने २०२४मध्ये एक अब्ज डॉलर दिले, नवऱ्याने मागे ठेवलेल्या शेअर्समधून, आणि सगळ्यांची फी माफ झाली.

"फुकट म्हटल्यावर सगळं जग तिथेच अर्ज करणार," ताई म्हणाल्या. "आधी आपल्या राज्यातली रटगर्सची बघा. सरकारी कॉलेजं घरच्या पोरांना झुकतं माप देतात."

कुंडी उचलून त्या गेल्या. मी भांडी घासायला घेतली आणि हात थांबला. मी पाचशेच्या वर म्हणाले होते. ५०४ हा आकडा माझ्या तोंडून गेलाच नव्हता.

वर जाऊन पोरीला विचारलं. जुलैची तारीख तिने कधीच रद्द केली होती, परीक्षा जानेवारीत द्यायची असं ठरवून. ईएमटीच्या कोर्सची चौकशीही झाली होती, ताईंच्या थोरलीकडे.

"मला का नाही सांगितलंस?"

"काकू म्हणाल्या, आईचं मी बघते. तू फक्त बाबांना सांभाळ."